सात घरांची यादी

इदालिनाने तिसऱ्यांदा मोजलं. शाळेच्या पटांगणात चटईभोवती, बाकांवर आणि जमिनीवर मिळून साठेक माणसं बसली होती, आणि त्यांत एकही बाई नव्हती. ती स्वतः होती, पण ती सत्य आणि समेट आयोगाची कर्मचारी. तिला मोजणीत धरून चालणार नव्हतं.

स्वातंत्र्याच्या मतदानानंतरच्या आठवड्यात मिलिशियाच्या, म्हणजे स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या हत्यारबंद टोळीच्या लोकांनी हातुलाऊ गावातली सात घरं पेटवली, त्याला आता चार वर्षं होत आली होती. खून आणि त्याहून वाईट गोष्टी कोर्टाकडे जायच्या. घर जाळणं, चोरी, मारहाण असली प्रकरणं गावातच, जुन्या रीतीने चटई अंथरून मिटवायची, असं ठरलं होतं. ज्याने केलं त्याने चटईवर बसून सांगायचं, ज्याचं गेलं त्याने ऐकायचं आणि हवं ते विचारायचं, मग भरपाई काय ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कागदावर हे फार छान दिसायचं.

ज्यांचं गेलं त्यांना चटईपर्यंत आणणं हे इदालिनाचं काम. आठ महिने ती या गावाची चढण चढत होती. तीनदा तारीख ठरली आणि तीनदा मोडली. एकदा कॉफीची तोडणी आडवी आली, एकदा गावात मयत झाली, एकदा आयोगाची जीप बिघडली आणि सुनावणी घेणारे आदेरितो साहेब घरून निघालेच नाहीत. दर वेळी पुन्हा सगळ्यांच्या घरी जायचं, पुन्हा समजावायचं, पुन्हा कॉफी प्यायची, आणि पुन्हा ‘बघू’ हे उत्तर घेऊन खाली उतरायचं. या कामाचं प्रशिक्षण तिला राजधानीत मिळालं होतं. तीन दिवस मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढून घेतलं होतं. मुळं म्हणजे सत्य, फांद्या म्हणजे सहभाग. फांद्या जागेवर नसतील तर त्या कुठे शोधायच्या, हे मात्र तिथे कोणी सांगितलं नव्हतं.

आज फांद्या शाळेच्या मागे होत्या. तिकडून धूर येत होता.

ती मागे गेली. तीन दगडांच्या चार चुली पेटल्या होत्या. एका मोठ्या पातेल्यात भात, दुसऱ्यात डुकराचं मटण, बाजूला भोपळ्याच्या पानांची भाजी. दहा-बारा बायका घामाघूम होऊन राबत होत्या, आणि भाताच्या पातेल्यापाशी लांब दांड्याचा डाव घेऊन फेलिस्मिना उभी होती. जळालेल्या घरांपैकी पहिलं घर तिचं. पन्नाशीची, काटक, नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झालेली. या सगळ्यांत हिला राजी करायला सगळ्यात जास्त फेऱ्या पडल्या होत्या. अजूनही ती ताडपत्रीखाली राहत होती.

“तिया, तुम्ही इथे काय करताय?” इदालिनाने तिकडच्या रीतीने मावशी म्हणून हाक मारत विचारलं.

“दिसत नाही? भात करतेय.”

“सुनावणी तुमची आहे.”

“माझी आहे ना? मग माझ्या सुनावणीला आलेली माणसं उपाशी जातील का?” फेलिस्मिना भात ढवळत म्हणाली. “झेफेरिनोने निरोप धाडला, साठ पानं होतील, बायांना सांगा. आता साठ माणसांचा भात कोण करणार, तुझा तो साहेब?”

झेफेरिनो म्हणजे गावचा प्रमुख. इदालिनाने त्याला महिन्याभरापूर्वीच बजावलं होतं की जेवणाचं शेजारच्या गावाला सांगा, या बायकांना मोकळं ठेवा. त्याने मान हलवली होती. त्या मान हलवण्याचा अर्थ आता तिला कळत होता.

तिने बायकांना विनवलं. एकजण म्हणाली, इथूनही ऐकू येतं की, भोंगा लावलाय. दुसरी म्हणाली, मटण सोडून कशी येऊ, कुत्री आहेत. इदालिनाला रडावं की पातेलं लाथेने उडवावं ते कळेना. तिने फॉर्मची फाईल काखेत घट्ट धरली आणि फेलिस्मिनाच्या समोर जाऊन उभी राहिली. आठ महिन्यांत आपण या वाटेवर दोन जोडी चपला झिजवल्या, ती काही तुमच्या हातचा भात खायला नाही, असं ती सरळ बोलून गेली. बोलल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच झालं.

फेलिस्मिनाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. “मला वाटायचं, आयोगाच्या लोकांना राग येत नाही,” ती म्हणाली. डाव तिने शेजारच्या बेर्नार्दिनाच्या हातात दिला, भाताकडे लक्ष ठेव म्हणाली, आणि लुंगीला हात पुसत निघाली. एकटीच. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

तोवर पटांगणात सुरुवात झाली होती. मधोमध मोठी चटई, तिच्यावर टोपलीत विड्याची पानं, सुपारी, चुना. एका बाजूला सुनावणी मंडळाचे चौघे. अध्यक्ष म्हणून जिल्ह्याहून आलेले आदेरितो साहेब, चर्चचा एक सेवक, गावप्रमुख झेफेरिनो, आणि जुन्या रीतीभाती, वंशावळी तोंडपाठ असलेले आवो, म्हणजे आजोबा, माऊ-लेतो. त्यांचे दोन्ही डोळे अधू झाले होते, पण त्यांच्या शब्दाशिवाय चटई अंथरली जात नसे आणि गुंडाळलीही जात नसे. समोर मान खाली घालून मार्कोलिनो बसला होता. तिशीचा, नदीपलीकडच्या गावचा. त्या वेळी मिलिशियात होता, नंतर सरहद्दीपलीकडे पळाला, दोन वर्षांनी बायको-मुलांना घेऊन परतला. गावात कोणी त्याच्याशी बोलत नसे. बाजारात त्याच्याकडून कोणी कांदासुद्धा घेत नसे.

त्याने आपलं निवेदन वाचलं. आम्ही सहाजण होतो, रॉकेलचे डबे कमांडरने दिले, सात घरं पेटवली, दोन गाई आणि एक डुक्कर नेलं, मला त्याचं वाईट वाटतं. एवढंच. मग भाषणं सुरू झाली. चर्चचा सेवक क्षमेवर बोलला. झेफेरिनो एकीवर बोलला. गावातले चार पुरुष उठून एकामागून एक बोलले, त्यांतल्या कोणाचंही घर जळालं नव्हतं. ऊन चढलं. इदालिना कडेच्या छोट्या टेबलाशी बसून लिहीत होती. बोलायचा अधिकार तिला नव्हता, फक्त नोंद करायची होती. फेलिस्मिना तिच्या शेजारी जमिनीवर बसली होती आणि बराच वेळ कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

दोन तासांनी आदेरितो साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मंडळाचं मत सांगितलं. मार्कोलिनोने तीन महिने दर शनिवारी प्रार्थनामंदिराचं अंगण साफ करावं. पीडितांना मान्य आहे का, हो की नाही?

फेलिस्मिना उठून उभी राहिली.

“मंदिर जळालं नव्हतं,” ती म्हणाली.

कोणीतरी हसलं. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले की हे प्रतीक आहे, सगळ्या गावासाठी आहे. फेलिस्मिना म्हणाली, प्रतीक चांगलं आहे, पण मी झोपते ताडपत्रीखाली. साहेबांनी पुन्हा विचारलं, हो की नाही. ती मार्कोलिनोकडे वळली.

“तू नदीपलीकडचा. आमच्या बाजूला त्याआधी कधी आला होतास?”

मार्कोलिनो नाही म्हणाला.

“माझं घर वर, कॉफीच्या मळ्यात. वाटेत वीस घरं लागतात. ती सोडून तुम्ही थेट माझ्याकडे आलात. मी बांधामागून बघत होते. तुम्ही कोणाला विचारलं नाहीत, थांबला नाहीत. तुला माझं घर कसं सापडलं?”

मार्कोलिनो हळू म्हणाला, “यादी होती.”

“कोणी दिली?”

त्याने वर पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. पण ती नजर कुठे जाऊन आली ते पुढे बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. झेफेरिनो सुपारी कातरत होता. त्याचा हात थांबला.

आदेरितो साहेब घाईने मध्ये पडले. हा प्रश्न निवेदनाच्या कक्षेबाहेरचा आहे, ते म्हणाले. सरकारी वकिलांनी जेवढं मंजूर केलं तेवढ्याचीच आज सुनावणी. बाकी काही असेल तर नंतर, वेगळा अर्ज करून. त्यांनी इदालिनाला खूण केली, सह्यांचा कागद काढ.

इदालिनाने कागद काढला. त्या फॉर्मचे नऊ रकाने तिला पाठ होते आणि त्या नवांचाही तिला मनापासून कंटाळा होता. सातव्या रकान्यावर तिची नजर थांबली. ती उभी राहिली.

“साहेब, इथे एक प्रश्न आहे. पीडितांना जे विचारायचं होतं ते सगळं विचारून झालं का. मला हो किंवा नाही लिहायचंय. मी नाही लिहिते. मग वरचं ऑफिस हे प्रकरण परत पाठवेल, आणि आपण सगळे पाचव्यांदा तारीख ठरवू.”

“इदालिना, तू बस,” साहेब म्हणाले.

“बसते. पण नाहीच लिहिते.”

ती बसली. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. पटांगणात कुजबुज सुरू झाली, आणि तेवढ्यात आवो माऊ-लेतोंनी काठी चटईवर आपटली. ते इतका वेळ झोपलेत असंच सगळ्यांना वाटलं होतं.

“चटई अंथरून प्रश्न अर्धवट ठेवायचा नसतो,” ते म्हणाले. “झेफेरिनो, तुझं नाव कोणी घेतलेलं नाही. पण तू गप्प आहेस, ते मला ऐकू येतंय.”

झेफेरिनोने अडकित्ता खाली ठेवला. तो साठीचा, भारदस्त माणूस होता. त्या वर्षी डोंगरात पळालेल्या लोकांना त्याने चोरून मका पोचवला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून तर तो निवडून आला होता. आधी तो म्हणाला की त्या दिवसांत कोण काय करत होतं याचा हिशेब आता कोणी मांडू नये. मग म्हणाला, यादी मी लिहिली.

कमांडर त्याच्या ओसरीवर येऊन बसला होता. सगळं गाव जाळायचा हुकूम आहे, पण तू सात घरं दे, बाकीची सोडतो, असं म्हणाला. सकाळपर्यंतची मुदत दिली. “मी सात दिली,” झेफेरिनो म्हणाला. “शंभर घरं वाचली. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून कोणाचं भलं होणार होतं?”

कित्येकांच्या मनात आलं असेल की आपलं घर वाचलं ते असं. इदालिनालाही क्षणभर वाटलं की यावर आता काय विचारणार.

फेलिस्मिनाने विचारलं. “कुठली सात?”

झेफेरिनो म्हणाला, आता चार वर्षं झाली, आठवत नाही. फेलिस्मिनाने इदालिनाकडे हात केला. “माना, अगं ताई, तुझ्या फाईलमध्ये आहेत. वाच.”

इदालिनाने फाईल उघडली. ही नावं तिने किती वेळा लिहिली होती याची गणती नव्हती. पाढ्यांसारखी पाठ होती. ती वाचू लागली. फेलिस्मिना. बेर्नार्दिना. ज्युस्ता. लंगडा मातेउस, ज्याला मूलबाळ नव्हतं. एर्मेलिंदा. परगावाहून आलेले शाळामास्तर, जे त्यानंतर परतलेच नाहीत. कार्लोता.

वाचता वाचता तिचा आवाज मंदावला. प्रत्येक नावाखाली तिच्याच हाताने भरलेला एक रकाना होता, वैवाहिक स्थिती. विधवा. विधवा. विधवा. पाच वेळा तिने तो शब्द लिहिला होता, आठ महिने ही फाईल उशाशी घेऊन झोपली होती, आणि पाचही कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं तिला कधी सुचलं नव्हतं. झाडाच्या फांद्या मोजण्यात ती गढली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की पुढचं पान उलटेना.

पटांगणाच्या मागच्या बाजूला हालचाल झाली. आपली नावं भोंग्यावर ऐकून मागच्या बायका पुढे आल्या होत्या. बेर्नार्दिना डाव हातात धरूनच आली होती. त्यांच्याबरोबर करपलेल्या भाताचा वास आला. पुरुषांनी सरकून वाट दिली, आणि बायका चटईच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

“सगळ्या आम्हीच कशा रे, झेफेरिनो?” फेलिस्मिनाने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्याला बाजारातला भाव विचारावा तसं तिने विचारलं. “तुझ्या भावाचं घर रस्त्यालाच होतं. ते का नाही दिलंस?”

झेफेरिनो म्हणाला, “भावाला चार मुलगे आहेत. ते माझ्या जिवावर उठले असते. पुरुष असलेल्या कुठल्याही घराचं नाव लिहिताना मला वाटायचं, उद्या हे लोक मला विचारतील.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “तुमच्याकडून कोणी विचारायला येणार नव्हतं.”

“आलो की,” बेर्नार्दिना म्हणाली.

झेफेरिनो उठला. मंडळाची जागा सोडून तो चटईला वळसा घालून गेला आणि मार्कोलिनोच्या शेजारी बसला. मार्कोलिनो थोडा सरकला. कोणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काही करण्यासारखं उरलंही नव्हतं.

आदेरितो साहेब कपाळाला हात लावून बसले. मंडळात आता तिघेच राहिले, नियमाने चार लागतात. झेफेरिनोचं निवेदन आधी लेखी घ्यावं लागेल, राजधानीला जाईल, सरकारी वकील बघतील, मंजुरी आली तर पुन्हा सुनावणी. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. मग आवो माऊ-लेतो म्हणाले की त्याचं त्याच्या वेळी बघू, मार्कोलिनोचं तर आज संपवा. पोराने खरं सांगितलं आहे. तेवढ्यापुरतं तिघांवर भागवायला साहेबही तयार झाले.

संपवायला आणखी तीन तास लागले, कारण आता बायका बोलत होत्या. त्यांना कोणी थांबवलं नाही, आणि थांबवून त्या थांबल्याही नसत्या. बाकीच्यांनी आपापली घरं मोडकीतोडकी का होईना, उभी केली होती. मंदिराचं अंगण आम्हीच झाडतो आणि झाडत राहू, त्या म्हणाल्या. मार्कोलिनोने फेलिस्मिनाचं घर बांधून द्यावं. खांब, ताडाच्या दांड्यांच्या भिंती, गवताचं छप्पर आणि दार. मार्कोलिनो हो म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याने मान वर केली. भाताचा खालचा थर काळा पडला होता. सगळ्यांनी वरवरचा खाल्ला.

झेफेरिनोचं निवेदन इदालिनाने त्याच संध्याकाळी हाताने लिहून घेतलं. ते जिल्ह्याच्या ऑफिसात दिलं तेव्हा तिला विचारण्यात आलं की एका प्रकरणातून दुसरं निघालंच कसं, आणि तिने पीडितांना भडकावलं का. तिने लेखी खुलासा दिला. तो हरवला. तिने दुसरा दिला. वरून पत्र आलं की निवेदनावर गावाचं नाव चुकीच्या अक्षराने लिहिलं आहे, सबब परत. ती पुन्हा चढण चढून सही घेऊन आली. या पाच महिन्यांत झेफेरिनो गावात फिरत होता, लोक त्याला नमस्कार करत होते, आणि नमस्कार करून झाल्यावर काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं. त्याचं काय करावं यावर घराघरात भांडणं झाली. शंभर घरांतल्या बऱ्याच जणांना वाटत होतं, त्याने बरोबरच केलं. ते तसं उघड बोलतही. बेर्नार्दिनाच्या सख्ख्या दिराने तिला तोंडावर सुनावलं की तुझं एक गेलं म्हणून आमचं राहिलं, आता पुरे कर.

दुसरी सुनावणी डिसेंबरात झाली. मंडळात या वेळी ज्युस्ता आणि एर्मेलिंदाला बसवायचं ठरलं होतं, पण ते जमलं नाही. पीडितांना मंडळावर बसता येत नाही, हा नियम इदालिनाला ऐन वेळी कळला. तिने पलीकडच्या गावातल्या दोन बायकांना आणून बसवलं. झेफेरिनोने सातही नावं स्वतःच्या तोंडाने घेतली, प्रत्येक नावानंतर थांबून, आणि का निवडलं तेही सांगितलं. बायकांनी तेवढंच मागितलं होतं, आणि मिलिशियाने नेलेल्या गाईबदली मातेउसला एक गाय. त्याने गाय दिली. चौघींनी त्याच्याबरोबर समेटाचा विडा खाल्ला. बेर्नार्दिनाने खाल्ला नाही. ती म्हणाली, ऐकलं, मला ऐकायचंच होतं, विडा नंतर बघू. आणि घरी निघून गेली. फॉर्मवर ‘समेट झाला: हो / नाही’ असं होतं. इदालिनाने दोन्ही खोडलं आणि कडेला बारीक अक्षरात पाच ओळी लिहिल्या. ऑफिसातून फोन आला की कडेचा मजकूर संगणकात घेता येत नाही. तुम्हीच बघा काय ते, असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

त्यानंतर ती हातुलाऊला गेली ती काही कामासाठी नव्हे. फेलिस्मिनाचं घर पाहायला गेली. घर उभं होतं, छप्पर दाट शाकारलेलं, भिंती सरळ. दार मात्र बिजागरीतून निसटून जमिनीला घासत होतं, आणि फेलिस्मिना कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी होती.

“घर जाळायला अर्धा तास लागला त्याला,” ती म्हणाली. “आणि एक दार बसवायला तीन शनिवार. तरी हे असं.”

“बोलवा त्याला पुन्हा.”

“येतो म्हणालाय. परवा येईल.” फेलिस्मिनाने दाराची एक बाजू धरली. “तोवर रात्रभर उघडं ठेवू का? धर तिकडून.”

इदालिनाने दुसरी बाजू धरली. दार जड होतं, ओल्या लाकडाचं. उचलता उचलता तिने विचारलं, त्याला माफ केलंत का, आणि झेफेरिनोला?

“तुझ्या फॉर्मसाठी विचारतेस?”

“नाही. असंच.”

“मार्कोलिनोशी मी बोलते. चहा-कॉफी देते. झेफेरिनो समोरून आला की कधी वाटतं जाऊ दे, कधी वाटतं याला नदीत ढकलावं. काल वाटलं, म्हातारा झालाय.” तिने जोर लावला. “अगं वर, वर उचल. खालची अडकलीये.”

दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा बिजागरी बसली. फेलिस्मिनाने दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, आणि आतूनच ओरडून विचारलं की कॉफीत साखर किती घालू.